घोडीवरच्या रेघा

साताऱ्याच्या माझ्या मैत्रिणीला मी कॉलेजपासून लिहिलेलं सगळं वाचायला पाठवते. ती स्वतः लिहीत नाही, साहित्यावर कधी बोलत नाही, पण वाचते मात्र एकेक ओळ. यंदा संक्रांतीच्या सुमारास तिला एक नवी कथा पाठवली. मग तिचा फोन आला. आईचा गुडघा, यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या घराचं रंगकाम, मुलाची बारावी, सगळं बोलून झालं. कथेबद्दल "छान झालीय" एवढंच म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "एक विचारू का गं? तुझ्या गोष्टी संध्याकाळीच का संपतात?" मी काही बोलायच्या आत तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि "करते परत फोन" म्हणून तिनं ठेवून दिला. तिच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला असणार. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न रात्री भांडी आवरतानाही होता आणि सकाळी बसमध्येही.

कपाटातले जुने दिवाळी अंक काढून बसले. एका कथेत म्हातारी देवापुढं दिवा लावते. दुसरीत एसटी निघून जाते आणि स्टँडवरच्या ट्यूबलाइट लागतात. तिसरीत कृष्णेच्या घाटावर अंधार उतरतो. एका ललित लेखात तर दिवाही होता, घाटही आणि अंधारही. वाईट कुठलंच नव्हतं. एक-दोन शेवट वाचताना आजही पोटात कालवलं. पण एकापाठोपाठ वाचल्यावर लक्षात आलं की माणसं वेगळी, दुःखं वेगळी, आणि सगळ्यांवर उजेड एकाच कोनातून पडलेला. थोडं दुखावल्यासारखं झालं आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण इतकं लक्ष देऊन वाचणारं माणूस आपल्याला आहे. याची कारणंही साधी होती. मी नोकरीवरून आल्यावर लिहिते. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात लिहायच्या टेबलासमोरची खिडकी पश्चिमेला उघडते. पहिल्यांदा संध्याकाळ कागदावर आली तेव्हा ती मी डोळ्यांनी पाहिलेली होती. नंतर मात्र ती न बोलावता, आपल्या पायांनी येत गेली.

त्याच महिन्यात भाचीचा तंबोरा घेऊन मिरजेला जायचं होतं. ती गाणं शिकते. आवाज बसल्यासारखा येतोय, सूर धरताच येत नाही, अशी तिची तक्रार. सतारमेकर गल्लीत मी लहानपणापासून जाऊन-येऊन आहे, पण एका दुकानात दुपारभर बसून राहायचा योग पहिल्यांदाच आला. आढ्याला पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले, जमिनीवर तुणीच्या लाकडाच्या ढलप्या, हवेत पॉलिशचा आणि तापलेल्या लाखेचा वास. कारागीर चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, एकेक तार छेडली आणि काहीच न बोलता चारही तारा सैल केल्या. तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी उजेडाकडं केली. भाचीला म्हणाले, "बेटा, नख फिरवून बघ." तिनं फिरवलं, मग मी फिरवलं. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा बारीक रेघा होत्या, तारेच्या जाडीच्या. नख त्यात अडत होतं.

"रोज वाजवतेस?"

"रोज," ती जरा अभिमानानंच म्हणाली.

"मग पडणारच. न वाजवलेल्या तंबोऱ्याला रेघ पडत नाही."

पुढचं काम मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते, त्या घासण्यातूनच तो भरलेला, अनेक सुरांचा एकत्र झणत्कार उठतो. तारेखाली सुती दोरा सरकवून तार नेमकी कुठून सुटावी ते ठरवायचं. उतार जास्त झाला तर आवाज बंद आणि कोरडा, कमी झाला तर नुसती खरखर. वाजवून वाजवून तार त्या पृष्ठभागात रुतते, स्वतःपुरती वाट करून घेते आणि मग त्या वाटेतच अडकते. चाचांनी कानस घेतली. पुढं-मागं अगदी थोडीशी फिरवली, बोटाच्या पेरानं भुकटी पुसली, तार चढवली, भोपळ्याला कान लावून छेडली. परत सैल. परत कानस. मधे एकदा आवाज असा काही उघडला की भाची हात जोडून म्हणाली, "चाचा, झालं!" त्यांनी मान हलवली आणि तार पुन्हा उतरवली. दुपारच्या नमाजापर्यंत तीन तारांची जवारी, म्हणजे तो भरलेला झणत्कार, लागली होती. खरजाची पितळी तार तेवढी राहिली होती, ती ते नमाजाहून परत आल्यावर लागली.

रोजच्या रियाजानंच ती रेघ पडली होती.

लिहिणाऱ्याला सगळे एकच सांगतात, रोज लिही. मीही कार्यशाळांमध्ये पोराबाळांना तेच सांगत आले आणि आजही सांगेन. हात चालू राहिला पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण हाताला वळण लागतं तेव्हा नुसतं चांगलंच वळण लागतं असं नाही. वाक्य कुठं वळवायचं, परिच्छेद कुठं तोडायचा, वाचकाच्या घशात आवंढा कुठं आणायचा, हे हात शिकतो आणि मग डोकं वापरायची गरज उरत नाही. आपण ज्यात तरबेज, तिथंच रेघ सगळ्यांत खोल. ज्याला संवाद चांगले जमतात त्याची सगळी माणसं एकसारखी चुरचुरीत बोलायला लागतात. ज्याला निसर्ग जमतो त्याच्या कथेत माणूस मेला तरी पारिजात फुलतो. आपली कमजोर बाजू आपल्याला ठाऊक असते, तिच्यावर आपण मेहनत घेतो. जमलेल्या गोष्टीवर मात्र कुणी कानस चालवत नाही.

आणि काही रेघा आपल्या एकट्याच्या नसतात, सगळ्या गावानं मिळून पाडलेल्या असतात. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीत ज्यांनी काढला त्यांना वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर चाळीस फुटाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरायला लागलं तसे लेख यायला लागले आणि जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य होतं, कृष्णामाई कोपली. लिहिणाऱ्यांचं दुःख खरं होतं, त्यांच्या स्वतःच्या घरातून गाळ निघत होता. पण ते वाक्य त्या पुराचं नव्हतं, त्याआधीच्या सगळ्या पुरांचं होतं. आमच्या गल्लीत मी पाहिलं ते असं. एका घराच्या गच्चीवर पाचवीची पुस्तकं कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लावून वाळत घातलेली, पानं फुगून पंख्यासारखी उघडलेली, आणि ती मुलगी खाली उभी राहून प्रत्येक पुस्तकाचं नाव मोठ्यानं सांगत होती, कारण कव्हरं सगळी गेली होती आणि कुठलं कुठलं ते तिला एकटीलाच ओळखता येत होतं. गणित सापडत नव्हतं. तिची आई म्हणाली, "बरं झालं की मग," आणि चिखलानं माखलेल्या हातांनी दोघी हसल्या. यात कोप कुठं बसवणार? ती दोरी कागदावर यायला मला फार काळ लागला, कारण मधे ते तयार वाक्य बसलेलं होतं आणि ते इतकं नीटनेटकं होतं की त्याच्या पलीकडं बघायचं सुचत नव्हतं.

मिरजेहून आल्यावर मी एक सवय बदलली. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची पद्धत माझी जुनी आहे. १८९८ साली याच सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर दृष्टी अधू झाल्यावर मजकूर तोंडानं सांगत आणि दुसरं कुणी तो उतरवून घेई. त्यांच्याबद्दल हे कळलं तेव्हापासून मला वाक्य कानानं तपासण्याची ओढ लागली. पण आजवर मी जीभ अडखळते ती जागा दुरुस्त करत होते. आता उलट करते. जीभ जिथं फार सहज घसरत जाते, आवाजाला आपोआप हेल येतो, पुढचा शब्द डोळ्यांनी वाचायच्या आधीच तोंडातून निघतो, तिथं पेन्सिलनं खूण करते. 'नकळत डोळे पाणावले' अशाच वेगानं येतं. 'आठवणींचा पट उलगडत गेला' तसंच. अडखळलेल्या जागी कितीदा तरी काहीतरी जिवंत सापडतं, नुसतं नीट बसलेलं नसतं. गुळगुळीत जागा खरवडली की खाली बहुतेक वेळा काहीच नसतं. हे कळल्यावर जड वाटलं. पानंच्या पानं खुणांनी भरली. पण लिहायला बसायची भूकही बऱ्याच काळानं लागली.

फाल्गुनात एका सकाळी रजा टाकून मार्केट यार्डात गेले, हळदीच्या सौद्याला. सांगलीत राहून हळदीवर लिहिणं म्हणजे सोनेरी, पिवळीधमक, मंगल असे शब्द रांगेनं येणार, म्हणून ठरवलं की विशेषण एकही लिहायचं नाही, फक्त ऐकू येईल आणि हाताला लागेल ते टिपायचं. हमालांच्या पापण्यांवर पूड होती. चहावाल्याच्या किटलीच्या मुठीवर बोटांचे ठसे होते, तेही हळदीचे. व्यापारी ढिगात हात खुपसून हळकुंड काढायचा, दोन्ही हातांनी मोडायचा, मोडताना मान किंचित वाकडी करून आवाज ऐकायचा आणि मगच आतला रंग बघायचा. नीट वाळलेलं हळकुंड खट्‌कन तुटतं. ओल राहिलेलं वाकतं, मग तुटतं. एका आडोशाला बायका निवडत बसल्या होत्या, गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, कणी वेगळी. त्यांतली एक ढिगाकडं न बघताच म्हणाली, "ही शिजायची राहिलीया. हाताला कळतंय." मी विचारलं, कसं कळतं? तिनं एक हळकुंड माझ्या तळहातावर ठेवलं आणि दुसरं शेजारी. मला काही फरक कळला नाही. "कळंल," ती म्हणाली, "बसा चार दिस हितं." घरी येऊन टिपणं वाचली. त्यात सुंदर असं एकही वाक्य नव्हतं, पण त्या बाईचा आवाज होता, आणि माझ्या आधीच्या कुठल्याच गोष्टीत असा आवाज नव्हता.

मिरजेच्या त्या धंद्याची गोष्ट इथं सांगावीशी वाटते. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींचं काम आटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारख्यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि त्यातून सतारी-तंबोरे घडायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धार लावणारा हात लाकडाकडं आणि हाडाकडं वळला. त्याची नजर, त्याचा अंदाज, घासावं किती आणि थांबावं कधी याची समज, हे सगळं तेच राहिलं. या मुलखात हे पुन्हा पुन्हा झालेलं दिसतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीच्या राजवाड्यात पहिलं मराठी नाटक उभं केलं, त्याच्या आधीच्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ इथं झाला होता आणि तसं काही मराठीत करा असं सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना सांगितलं होतं. परभाषेतला खेळ कानांवर पडला म्हणून आपल्या भाषेत नवीन काही सुचलं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी पोवाडा लिहिला, वग लिहिले, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, रशियाचा प्रवासही लिहिला. ग. दि. माडगूळकर पुण्यातला गजबजाट सोडून माडगुळ्याच्या शेतातल्या पत्र्याच्या खोपटात लिहायला येऊन बसत. 'बामणाचा पत्रा' म्हणून ती जागा आटपाडी भागात सगळ्यांना ठाऊक आहे. एवढी मोठी माणसं, त्यांना प्रतिभेची वाण नव्हती. तरी प्रत्येकानं काही ना काही हलवलं. कुणी रूप हलवलं, कुणी जागा, कुणी कान. मला वाटतं हात थकायच्या आधीच त्यांना त्याची चाहूल लागत असावी.

माझी आत्या जत तालुक्यात असते. तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायच्या म्हणून मी कितीदा तरी गेले. खुर्चीवर बसवून मोबाइल समोर धरला की ती म्हणायची, "आता न्हाई बाई आठवत, गेलं समदं." या खेपेला मागच्या पडवीत पोत्यांखाली दडपलेलं जातं पोरांनी बाहेर काढलं. खुंटा ठोकून बसवला. आत्या खाली बसली, एक पाय लांब केला, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंट्याला हात घातला. दोन-चार फेरे नुसतेच झाले. मग ओवी आली. भावाची, मग विठ्ठलाची, मग माहेरच्या वाटेची, आणि त्यात काही कानडी शब्द, ज्यांचा अर्थ तिलाही नीट सांगता येईना. हात थांबला की ओवी थांबायची. मधेच मी "परत म्हण ना ती ओळ" म्हटलं, तर तिला ती नुसती म्हणता येईना, पुन्हा जातं फिरवावं लागलं. आणि दुसऱ्यांदा ओळ आली ती थोडी वेगळी आली. शब्द बदलला होता, भावाच्या जागी भाचा आला होता, चाल तीच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तिच्या ओव्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा साचा आहे, तिच्या आधी शेकडो बायकांनी त्या म्हटल्यात. तरी दर वेळी ती ओळ त्या सकाळची होती, समोर बसलेल्या माणसाची होती. भाचा म्हणजे माझा भाऊ, तो तेव्हा ओट्यावर चहा पीत बसला होता.

म्हणजे साचा मोडणं हे काही औषध नव्हे. हे मी स्वतःला बजावते, कारण घासायची मला भीतीही वाटते. चाचांना मी विचारलं होतं, दर वेळी घासली तर घोडी संपत नाही का? झिजते, म्हणाले, एक दिवस बदलावी लागते, म्हणून तर घासायचं ते रेघ जाईपर्यंतच, त्याच्या खाली नाही. माझ्या लिहिण्यातून संध्याकाळ सगळी काढून टाकली तर त्या संध्याकाळी ज्यांच्यामुळं मला दिसल्या ती माणसंही जातील, आजोबा जातील, घाटावरचा तो पाण्याचा वास जाईल. मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं मी कुठं काढ म्हणाले? मी विचारलं फक्त." मग आम्ही त्या संक्रांतीच्या कथेवर पहिल्यांदाच सविस्तर बोललो. ती बाई शेतावरून येते ती तिन्हीसांजेलाच, तिला दुसरी वेळच नाही. तो शेवट ठेवला. दुसऱ्या एका कथेत मात्र नवरा-बायकोचं भांडण मिटतं ते मी उगीच दिवेलागणीला मिटवलं होतं. ते आता सकाळी अकराला, गॅस सिलिंडरवाला दारात उभा असताना मिटतं, आणि पुरतं मिटतही नाही, कारण सुटे पैसे कुणाकडंच नसतात. कथा लांबली. तिला आणखी एक प्रसंग लागला, जो आधी सुचलाच नव्हता.

सध्या हातात आहे ती हळदीवरची दीर्घकथा. हळकुंड तळहातावर ठेवणारी ती बाई तिच्यात आली आहे, फक्त तिचं गाव आणि नातीगोती मी बदललीत. पहिला भाग उभा राहिला, शेवट दिसतोय, मधली वीसेक पानं मात्र वाचताना जीभ घसरते, म्हणजे तिथं गडबड आहे. अक्षय्य तृतीया झाली की आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं येईल. डोळ्यांवर पट्टी असेल, टीव्ही बंद, तेव्हा तिला वाचून दाखवणार आहे. तिला वाङ्‌मयाचं काही पडलेलं नाही. गोष्ट ऐकताना ती एकच विचारते, "मग फुडं?" जिथं ती हे विचारणार नाही ती पानं काढायची असं ठरवलंय. तोवर मधला भाग सासूच्या तोंडचा काढून सुनेच्या तोंडी घालून बघतेय. सून कमी बोलते, त्यामुळं प्रत्येक वाक्याला वेळ लागतोय.